लांबच्या प्रवासात मुलं गाडीत किरकिरतात, भांडतात: आधी कारण शोधा, मग खेळ काढा

तक्रार साधारण अशी असते. निघताना सगळे खुशीत. पहिला तास गाणी, गप्पा, खिडकीबाहेर दाखवलेली बोटं. मग पिशवीतून एक खेळणं निघतं, दुसरं निघतं, प्रत्येक पाच-सात मिनिटांत बाजूला पडतं आणि ‘अजून किती वेळ?’ सुरू होतं. तिसऱ्या तासाला मोबाइल हातात जातो, चौथ्या तासाला तोही पुरत नाही. पुढच्या प्रवासाला आई-बाबा आणखी मोठी पिशवी भरतात, आणि पुन्हा तेच.

खेळणी वाढवून हे सुटत नाही, कारण अडचण बहुतेक वेळा खेळण्यांची नसतेच. मूल ‘कंटाळा आला’ म्हणतं तेव्हा त्याला ऊन लागत असेल, मळमळत असेल, पट्टा काचत असेल, नाहीतर आपण कुठवर आलो याचा काहीच पत्ता लागत नसल्याने ते वैतागलं असेल. लहान मुलांची या सगळ्यासाठी तक्रार एकच असते: किरकिर. म्हणून खाली लक्षणांप्रमाणे कारणं आणि उपाय दिलेत. क्रम मुद्दाम असा ठेवलाय. वरची कारणं तपासायला दोन मिनिटं लागतात, आणि ती न तपासता खेळ सुरू केला तर खेळ टिकत नाही.

आत्ता गाडीतच बसून हे वाचत असाल तर

मागे वळून मुलाचा चेहरा नीट बघा. चेहरा फिकट पडलाय, मूल सारखं जांभया देतंय किंवा एकदम गप्प झालंय? मग ‘मळमळ’ हा भाग वाचा. चेहरा लाल आणि घामेजलेला असेल तर ऊन आणि हवा बघा. दोन्ही नसेल आणि शेवटचा थांबा घेऊन दीड-दोन तास झाले असतील, तर आता कुठलाही खेळ शोधू नका, पुढच्या सुरक्षित जागी थांबा. आणि हे वाचणारे तुम्हीच गाडी चालवत असाल तर फोन खाली ठेवा.

लक्षण: निघाल्यावर थोड्याच वेळात चुळबुळ, काही दिलं तरी नको

पुढच्या सीटवर बसलेल्याला मागची हवा कळत नाही. एसीचा झोत पुढे लागतो, मागे गरम असतं. किंवा उलट, झोत थेट मुलाच्या तोंडावर येत असतो. एकदा स्वतः मागे, मुलाच्या शेजारी दहा मिनिटं बसून बघा. माझ्या मते प्रवासाच्या तयारीतलं हे सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी केलं जाणारं काम आहे. तिथे बसल्यावर लगेच कळतं की ऊन फक्त एका गालावर पडतंय, समोरच्या सीटच्या पाठीशिवाय काही दिसत नाही, आणि पट्ट्याची कड मानेला घासतेय.

उन्हासाठी खिडकीला जाळीची सावली लावा. टॉवेल अडकवला तर बाहेरचं दिसणंही बंद होतं, आणि ते पुढे महागात पडतं. ऊन कुठल्या बाजूला येणार हे निघतानाच सांगता येतं: सकाळी उत्तरेकडे जाताना उजवीकडून, दुपारनंतर डावीकडून. दोन मुलं असतील तर उन्हाची बाजू थांब्यागणिक वाटून घ्या.

पट्टा काचतोय म्हणून तो सैल करायचा नाही. बहुतेक वेळा खरं कारण आतले जाड कपडे किंवा पिळलेला पट्टा असतो. जाड जॅकेट काढा, पट्टा सरळ करून पुन्हा लावा, थंडी असेल तर पट्टा लावल्यावर वरून पांघरूण घाला. पट्टा नीट बसला की खांद्यापाशी त्याची घडी चिमटीत पकडता येत नाही. गाडी उन्हात उभी होती का? मग बक्कलचा धातू हाताला लावून बघा, तो चटका बसेल इतका तापतो. बूट काढून ठेवा. ही बारीकसारीक गोष्ट वाटते, पण चार तास लोंबकळणाऱ्या पायांना तिने बराच आराम पडतो.

घाटात किंवा उंचसखल रस्त्यावर मूल कान धरून रडायला लागलं तर कानात दडे बसले असतील. घोट-घोट पाणी प्यायला द्या. गिळलं की कानातला दाब मोकळा होतो. सर्दी असेल तर हा त्रास जास्त होतो.

भूक आणि शू ही दोन कारणं कुणाला सांगायला नकोत. तरी एक सांगतो: धावत्या गाडीत कडक, गोल, गुळगुळीत खाऊ लहान मुलाला देऊ नका. घशात अडकलं आणि मोठं माणूस पुढे बसलेलं असेल, तर मागे पोचायलाच वेळ जातो. असा खाऊ थांब्यावर, बसून.

लक्षण: आधी चिडचिड, मग शांतता, मग उलटी (मळमळ)

मधली शांतता फसवी असते. ‘चला, शेवटी झोप येतेय’ असं वाटतं, आणि पाच मिनिटांनी सगळी गाडी धुवावी लागते. त्याआधीची चिन्हं ओळखता येतात: जांभया, वारंवार आवंढा गिळणं, कपाळावर गार घाम, फिकट चेहरा, खाऊ नको म्हणणं. चार वर्षांच्या मुलाला ‘मळमळतंय’ हा शब्द सुचेलच असं नाही. ते पोट दुखतंय म्हणेल, नाहीतर नुसतंच रडेल.

कारण असं: आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला सांगते की आपण हलतोय, वळतोय, मांडीवरच्या पुस्तकाकडे किंवा मोबाइलकडे लागलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळायला लागतं. साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो, दोन वर्षांखालच्यांना क्वचित. म्हणजे ज्या वयात आपण चित्रं रंगवायला देतो, नेमकं तेच हे वय. कंटाळा घालवायला दिलेली वहीच पुष्कळदा मळमळीचं कारण असते.

चिन्हं दिसताच वही, पुस्तक, मोबाइल सगळं बंद. खिडकी थोडी उघडा. मुलाला समोरच्या काचेतून लांबवर, क्षितिजाकडे बघायला सांगा; बाजूच्या खिडकीतून जवळची झाडं सरसर मागे पळताना बघण्यापेक्षा ते बरं. डोकं सीटला टेकू द्या. चालकाने वळणं आणि ब्रेक हलक्या हाताने घ्यावेत. उलटी टाळायला हे सगळ्यात मोठं काम आहे, आणि नेमकं याच वेळी चालक ‘लवकर पोचू’ म्हणून घाई करतो. शक्य होताच थांबून पाच मिनिटं मोकळ्या हवेत चालू द्या.

पुढच्या वेळेसाठी: निघताना पोट तुडुंब नको आणि रिकामंही नको. गाडीतला सुगंधी खडा किंवा बाटली काढून टाका; मोठ्यांना आवडणाऱ्या वासाने मुलांना ढवळतं. मुलाची सीट मागच्या बाकावर मधे घट्ट बसत असेल तर तिथून समोरचा रस्ता दिसतो. उलटीच्या पिशव्या, ओले रुमाल, एक कपड्यांचा जोड हे हाताशी हवं, डिकीत सामानाखाली नको. गोळी द्यायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला आपल्या मनाने अशी गोळी देऊच नये. काही मुलांना या गोळ्यांनी झोप येण्याऐवजी उलट जास्त चेव चढतो, तेव्हा ती पहिल्यांदा लांबच्या प्रवासातच देऊन बघण्यात अर्थ नाही.

असा त्रास होणाऱ्या मुलासाठी खेळ निवडायचा तर कानाचा आणि तोंडाचा निवडा. डोळे खाली लागतील असं काही नको.

लक्षण: ‘अजून किती वेळ?’ दर पाच मिनिटांनी

हा प्रश्न हट्टातून येत नाही. सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलाला ‘अजून तीन तास’ हे उत्तर ऐकू येतं, पण त्यातून काही समजत नाही, म्हणून ते पुन्हा विचारतं. ‘आलंच, आलंच’ हे तर सगळ्यात वाईट उत्तर. दोनदा खोटं ठरलं की मूल तुमच्या कुठल्याच उत्तरावर विश्वास ठेवत नाही.

त्याला मोजता येईल असं माप द्या. लांब कागदाच्या पट्टीवर वाटेतले थांबे आणि ओळखू येतील अशा खुणा काढा: पूल, बोगदा, नदी, जेवणाची जागा, शेवटी मुक्काम. पट्टीवर कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावा. खूण मागे पडली की चिमटा मुलाने स्वतः पुढे सरकवायचा. खुणांमधली अंतरं साधारण सारखी ठेवा. अर्धा तास काहीच आलं नाही तर पट्टीचा भाव उतरतो. पहिली खूण मात्र निघाल्यावर लगेच, दहा-पंधरा मिनिटांत यायला हवी, म्हणजे खेळ कसा चालतो ते कळतं.

आठ-नऊ वर्षांच्या पुढे पट्टी बाळबोध वाटते. त्यांना छापील नकाशा द्या आणि वाट सांगायचं काम द्या. खरंच द्या, ‘पुढचं मोठं गाव कुठलं, आणि किती लांब?’ हे त्यांनाच विचारा. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड दिसत असतील तर घड्याळातले सेकंद मोजून वेग काढता येतो: ३६०० ला सेकंदांनी भागायचं. एक किलोमीटरला ६० सेकंद लागले तर वेग ताशी ६०, ४५ सेकंद लागले तर ८०, ४० लागले तर ९०. उत्तर आलं की गाडीच्या काट्याशी ताडून बघायचं. काटा बहुतेक गाड्यांत खऱ्या वेगापेक्षा किंचित जास्त दाखवतो, आणि ‘बाबा, तुमची गाडी थापा मारते’ हे सिद्ध करण्यात मुलांचा अर्धा तास मजेत जातो.

आणखी एक: निघतानाच प्रत्येकाने पोचण्याची वेळ कागदावर लिहायची. ज्याची सगळ्यात जवळ, तो पुढचं गाणं किंवा पुढचा थांबा ठरवणार. यानंतर ‘किती वेळ?’ हा प्रश्न तक्रारीऐवजी हिशेब म्हणून येतो. वाहतूक तुंबली की कुणाच्या तरी आकड्याला बरं चालत असतं, ही त्यातली गंमत.

लक्षण: प्रत्येक खेळणं पाच मिनिटांत संपतं

सगळी पिशवी एकदम मुलाच्या ताब्यात दिलीत का? मग हेच होणार. समोर दहा वस्तू असल्या की हातातली एक कमीच वाटते. पिशवी मोठ्यांकडे ठेवा, एका वेळी एकच वस्तू द्या, आणि नवी देताना जुनी परत घ्या. दोन तासांनी तीच जुनी पुन्हा काढली तर चालते. मूल स्वतःहून मागेपर्यंत नवीन काही पुढे करू नका. ते खिडकीबाहेर बघत गप्प बसलं असेल तर त्याला करमतंय असं समजा. आपल्यालाच ती शांतता सहन होत नाही आणि आपण ‘हे घे, ते घे’ सुरू करतो.

गाडीत कुठली वस्तू टिकते हे दुकानात कळत नाही, मागच्या सीटवर कळतं. घरंगळणारं काही नको. वाजणारं तर नकोच. चालकाचं डोकं फिरतं. बटणाएवढे सुटे भाग, गोल चपट्या बॅटरीची खेळणी आणि बारीक लोहचुंबक लहान मुलांसाठी खरोखर धोक्याचे असतात, गिळले तर आतड्याला किंवा अन्ननलिकेला इजा करतात. ते मागच्या सीटवर असूच नयेत. मेणखडू बंद गाडीत उन्हात ठेवले तर वितळून सीटमध्ये मुरतात. अणकुचीदार पेन्सिल अचानक ब्रेक लागला तर डोळ्यापाशी नको.

उरतं काय? हाताने सोलून निघणाऱ्या रंगीत कागदी चिकटपट्टीचं एक रीळ. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी याच्याइतकी टिकणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. मूल आधी नखाने टोक शोधतं, त्यालाच मिनिटभर लागतं. मग तुकडा फाडून गुडघ्यावर लावतं, खिडकीवर रस्ता काढतं, बोटांना पट्ट्या बांधतं, बाहुलीला मलमपट्टी करतं, शेवटी सगळं सोलून त्याचा गोळा करतं. आवाज नाही, सांडत नाही, खाली पडलं तरी दुसरा तुकडा आहेच. त्याखालोखाल पुन्हा लावता येणारी चित्रं, दोरा ओवायचे जाड पुठ्ठे, आणि पुसून पुन्हा लिहिता येणारी पाटी. मळमळणाऱ्या मुलाला यातलं काहीही सरळ, मोकळ्या रस्त्यावरच, आणि थोडाच वेळ.

आता ‘खाली पडलं’ हा प्रकार. खेळणं सीट आणि दार यांच्या फटीत जातं, मूल ओरडतं, पुढचं माणूस हात मागे घालून चाचपडतं. मांडीवर कडा असलेला हलका, मऊ ट्रे दिला तर निम्मं पडणं थांबतं. पण एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा: पडलेली वस्तू पुढच्या थांब्यापर्यंत पडलेलीच राहणार. चालकाचा हात मागे जाणार नाही, कधीच नाही. ताशी ८० च्या वेगाने गाडी दोन सेकंदांत ४४ मीटर जाते, आणि फटीतली मोटार काढायला दोन सेकंद पुरत नाहीत. कडक आणि जड वस्तू मोकळ्या ठेवू नका. जोरात ब्रेक लागला तर त्या गाडीभर उडतात.

लक्षण: वस्तू संपल्या, खेळ सुचत नाहीत

बोलण्याचे खेळ सगळ्यात जास्त टिकतात, फक्त एक मोठं माणूस त्यात मनापासून हवं. ‘तुम्ही दोघं खेळा ना’ म्हणून लावलेला खेळ लवकर भांडणावर जातो.

वीस प्रश्नांचा खेळ सहा वर्षांच्या पुढे उत्तम चालतो. एकाने मनात काहीतरी धरायचं, बाकीच्यांनी हो किंवा नाही असं उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. लहान मुलं ‘घोडा आहे? गाय आहे? कुत्रा आहे?’ अशी सुटतात आणि वीस प्रश्न लगेच उडतात. त्यांना निम्मं कापायला शिकवा: जिवंत आहे का, घरात मावेल का, माणसाने बनवलंय का. दर प्रश्नाला शक्यता निम्म्या झाल्या तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ गोष्टींमधून एक शोधता येते. हा आकडा मुलांना सांगा. त्यांचा विश्वास बसत नाही आणि मग ती कागदावर दोनाची दुप्पट, चाराची दुप्पट करत बसतात.

शब्दांच्या भेंड्यांचा नियम आधी ठरवा, नाहीतर तिथेच तंटा होतो: शब्द ‘ण’ किंवा ‘ळ’ वर संपला तर त्याच्या आधीचं अक्षर घ्यायचं, कारण या अक्षरांनी सुरू होणारे शब्द कुणाकडेच नसतात. नुसत्या भेंड्या लवकर कंटाळवाण्या होतात, विषय लावा. फक्त खायच्या वस्तू. फक्त वर्गातल्या मुलांची नावं.

‘हो’ आणि ‘नाही’वर बंदी हा खेळ लहान आणि मोठ्या भावंडांना एकत्र खेळता येतो. दोन मिनिटं प्रश्नांचा मारा, उत्तरात हे दोन शब्द आले की बाद. मान हलवणंही बाद. मोठी माणसं यात लवकर हरतात, म्हणून मुलांना तो फार आवडतो.

गोष्ट प्रत्येकाने एकेका वाक्याने पुढे न्यायची, आणि वाक्यं आळीपाळीने ‘नशिबाने’ आणि ‘पण नेमकं’ या शब्दांनी सुरू करायची. नशिबाने विमानात छत्री होती. पण नेमकं ती फाटकी होती. यातून जे निघतं त्याला कथानक म्हणता येत नाही, पण हसून हसून पुरेवाट होते. ‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ हे भरभर म्हणायची शर्यत पाच मिनिटांची सोय करते. गाड्यांच्या नंबरातले आकडे मिळवून कुणाचे आधी शंभर भरतात, ही बेरीज दुसरी-तिसरीतल्या मुलांना बरोबर जमते. ‘कोण जास्त वेळ गप्प बसतं’ हा खेळ मोठ्यांचा लाडका. मुलं एकदाच फसतात.

आणि प्रश्न काढा. जवळची झाडं सुसाट मागे जातात, लांबचा डोंगर हळू सरकतो, चंद्र तर आपल्याबरोबरच येतो, असं का? उत्तर लगेच देऊ नका. आधी मुलांना एक डोळा मिटून, हाताचं बोट समोर धरून डोकं डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगा. बोट मागच्या गोष्टींवरून खूप सरकतं. लांबच्या खांबाकडे बघत तेच केलं तर खांब जेमतेम हलतो. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर आहे, त्यापुढे आपला दिवसभराचा प्रवास काहीच नाही, म्हणून तो जागचा हलल्यासारखा वाटत नाही. हे मूल स्वतःच्या तोंडाने सांगू लागलं की पुढचे दहा किलोमीटर निघाले.

लक्षण: भावंडांची जुंपते

‘तो माझ्या बाजूला आला’, ‘ती माझ्या खिडकीतून बघते’. हसू येतं, पण हात-दीड हात रुंदीच्या जागेत तासन्‌तास बसलेल्यांना सीमा ही खरीच अडचण असते. मधे उशी किंवा पिशवी ठेवून ती दिसेल अशी करा. पाळ्या मिनिटांवर ठेवू नका. ‘माझी दहा मिनिटं झालीच नाहीत’ याला पुरावा नसतो. पाळी किलोमीटरवर ठेवा. गाडीतला आकडा सगळ्यांना दिसतो आणि तो कुणाच्याच बाजूचा नसतो. गाणी एकेकाने एकेक निवडायची, मोठ्यांचीही पाळी त्यात धरायची.

वयात मोठं अंतर असेल तर त्यांना एकमेकांविरुद्ध खेळवू नका. धाकटा हरून रडतो, थोरला जिंकून कंटाळतो. दोघांना एका बाजूला करा, समोर आई नाहीतर बाबा. थोरल्याला प्रश्न विचारणाऱ्याचं काम दिलं तरी जमतं.

हाणामारीवर आलं तर बोलणं सोडा आणि सुरक्षित जागा बघून थांबा. चालकाने मान वळवून ओरडण्यापेक्षा पाच मिनिटं थांबलेली गाडी केव्हाही स्वस्त. थांबल्यावर भाषण नको; नुसतं शांत बसा. गाडी चालत नाही, म्हणजे मुक्काम जवळ येत नाही, हे मुलांना फार लवकर उमगतं.

लक्षण: मोबाइल दिला की शांत, काढून घेतला की आकांत

मोबाइलला माझा सरसकट विरोध नाही, लवकर देण्याला आहे. पहिल्या तासाला दिला तर उरलेल्या प्रवासात त्याला टक्कर देईल असं तुमच्याकडे काहीच राहत नाही. तो सगळ्यात अवघड टप्प्यासाठी राखा: दुपारचा तुंबलेला रस्ता, शेवटचा कंटाळवाणा पट्टा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांचा बसून मोबाइल-टीव्ही बघण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा आणि त्याहून लहानांना तो नसलेलाच बरा.

आकांत काढून घेण्याच्या पद्धतीमुळे होतो. ‘वीस मिनिटं झाली, दे’ म्हणून गोष्ट अर्ध्यात तोडली की कुणालाही राग येईल. माप मिनिटांत न ठेवता भागांत ठेवा: दोन भाग, मग बंद. आणि दुसरा भाग थांब्याजवळ संपेल असं बघा. मोबाइल बंद झाला की लगेच गाडीचं दार उघडतं, रडायला सवड मिळत नाही. सगळं आधीच उतरवून ठेवा, नेट नेमकं डोंगरात जातं. मोबाइल समोरच्या सीटच्या पाठीला घट्ट बसवा, हातात मोकळा नको. हेडफोनचा आवाज तुम्ही स्वतः ऐकून ठरवा. गाडीच्या घरघरीवर मात करायला मुलं तो वाढवत नेतात.

त्यापेक्षा ऐकायच्या गोष्टी कितीतरी बऱ्या. मळमळ होत नाही, सगळे एकत्र ऐकतात, नंतर बोलायला विषय मिळतो. सवय नसेल तर आठवडाभर आधी घरी झोपताना सुरू करा आणि रंगात आलेली गोष्ट मुद्दाम प्रवासासाठी अर्धी ठेवा.

लक्षण: थांबलो तरी उपयोग होत नाही

कारण थांबून पुन्हा बसलात. गाडीच्या सीटवरून उठून जेवणाच्या खुर्चीवर बसणं हा मुलाच्या दृष्टीने थांबा नाहीच. रस्त्यापासून लांब, मोकळ्या जागी दहा मिनिटं पळू द्या, उड्या मारू द्या, गाडीपासून कुंपणापर्यंत चार फेऱ्यांची शर्यत लावा. जेवण त्यानंतर. दर दोन तासांनी थांबणं चालकासाठीही बरं. तान्ह्या बाळाला सीटमध्ये एका दमात दोन तासांहून जास्त ठेवू नये. काढून आडवं करा, हातपाय हलवू द्या. निघताना शू लागली असो वा नसो, सगळ्यांनी जाऊन यायचं. मोठ्यांनीही.

झोपलेलं मूल गाडीत ठेवून ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून जायचं नाही, काच थोडी खाली केली तरी. उन्हात बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी वाढू शकतं, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी वेगाने तापतं.

मुलं झोपून जातील म्हणून मध्यरात्री निघायचा सल्ला खूप जण देतात. मुलं झोपतात हे खरं. झोप चालकालाही येते. दुपारच्या झोपेच्या जरा आधी निघणं किंवा पहाटे पुरेशी झोप घेऊन निघणं यातून तोच फायदा मिळतो.

लक्षण: बाळ रडतंय आणि वरचं काहीच चालत नाही

वर्ष-दीड वर्षाच्या बाळासाठी खेळ म्हणजे माणूस. दोन मोठी माणसं असतील तर एकाने मागे बसायचं. पुढच्या सीटवरून काढलेल्या आवाजांनी भागत नाही. कापड तोंडावर घेऊन ‘बुवा कुक’, बोटांवर मोजायची गाणी, तेच तेच पुन्हा. मागे तोंड केलेल्या सीटमधल्या बाळाला माणसाचा चेहरा दिसणं हेच पुष्कळदा औषध असतं. दूध पाजायला किंवा शांत करायला धावत्या गाडीत बाळाला सीटमधून काढायचं नाही. थांबा, पाजा, ढेकर काढा, मग निघा. तरीही थांबत नसेल तर ताप, कान, लंगोट पुन्हा बघा. काही दिवस असे असतात की मुक्काम अलीकडे आणणं हाच उपाय उरतो, आणि त्यासाठी वाटेतली एक राहायची जागा आधीच हेरून ठेवली तर निर्णय सोपा जातो.

लक्षण: जाताना बरं गेलं, परतीला वाट लागली

परतीला मुक्कामाची ओढ नसते, पिशवीतलं सगळं बघून झालेलं असतं आणि मोठेही दमलेले असतात. म्हणून दोन वस्तू जाताना काढूच नका. परतीच्या दुसऱ्या तासाला काढा. कागदाची पट्टी उलटी करून चिमटा घराकडे चालवा. आणि परतीला मुलांच्या खिडक्या बदलू नका. जाताना डाव्या खिडकीत बसलेलं मूल परतीलाही डाव्याच खिडकीत बसलं तर त्याला रस्त्याची दुसरी बाजू दिसते, जी त्याने जाताना बघितलेलीच नसते.